गंगावनाची पकड

गोलबाजारात ती आजही मिळते. बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात पुठ्ठ्यावर रांगेनं टोचून ठेवलेली असते. दुकानदार तिला 'जुडा पकड' म्हणतात आणि कुठं बनते विचारलं तर दिल्लीचं नाव सांगतात. मी एकदा एका दुकानदाराला म्हटलं, ही माझ्या आईनं शोधून काढली, इथंच रायपूरमध्ये, रेल्वेच्या क्वार्टरात. तो म्हणाला, "अच्छा? तो दीदी, घर से ही ले लेतीं," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. आईला हे कळलं असतं तर तिनं त्याचं दुकान डोक्यावर घेतलं असतं. मी तिला सांगितलं नाही. तिचा आनंद किंवा तिचा संताप, दोन्ही पाहायची हौस माझ्यात उरलेली नाही.

ज्यांच्या घरात सगळ्यांचे केस दाट आहेत त्यांच्यासाठी सांगते. गंगावन म्हणजे केसांचा तयार झुबका. विरळ केसांच्या बायका तो आपल्या वेणीत किंवा अंबाड्यात मिसळून घेतात. पूर्वी तो काळ्या दोऱ्यानं बांधायचे आणि दोरा कधी दगा देईल याचा नेम नसायचा. आईची पकड म्हणजे बोटाएवढे दोन कंगवे, दातांना दात भिडवून बसवलेले. मागून एक तारेचा फास दोन्हींतून जातो आणि त्या फासाला गंगावन लटकतं. गंगावन खाली ओढलं की फास आवळतो, फास आवळला की कंगवे एकमेकांना चावतात. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. कल्पना इतकी सोपी आहे की ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. आईला मात्र कधीच नवल वाटलं नाही. तिच्या मते बाकी जगाला डोकंच नव्हतं.

डोकं माझं होतं. ती पकड माझ्या डोक्यावर घडली आणि तिच्यापायीच मी आजही आईसोबत एका छताखाली राहते. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. कळायला लागल्यापासून मला दुसरं काही नको होतं.

आईचं माहेर गोंदियाकडचं. शाळेत असताना तिला टायफॉइड झाला आणि केस गेले. परत आले ते मक्याच्या कणसावर असतात तसे, पिवळट आणि मोजके. माझ्या आजीनं तिला गंगावन बांधून वाढवलं आणि गंगावन बांधूनच लग्नाला उभं केलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरच्या अंगणात हळद उतरवायचा कार्यक्रम होता. नवरा-नवरीला पाटावर शेजारी बसवतात, घरच्या बायका त्यांच्या अंगावरून पाणी घालतात, थट्टामस्करी करतात. माझी आत्या, म्हणजे आईची नणंद, वहिनीचे केस धुवायला बसली आणि दोन तांबे पाणी पडल्यावर अख्खं गंगावन तिच्या हातात आलं. आत्यानं ते वर धरलं. "वहिनीची शेपटी!" असं ओरडत ती मांडवभर पळाली. पोरं तिच्या मागं. सासू हसून हसून पदरानं डोळे पुसायला लागली. बाबा तसेच ओलेचिंब पाटावर बसले होते, तेही हसले.

हे मला आईनंच सांगितलं, भाजी निवडता निवडता. मी तेव्हा लहान होते, मला रडूच कोसळलं. तिनं माझ्याकडं जरा आश्चर्यानं पाहिलं.

"तू काहून रडून राहिली? मले हसणाऱ्यायचा राग नाही आला," ती म्हणाली. "मले दोऱ्याचा राग आला."

ती थापा मारत होती असं आता वाटतं. पण पुढची वीस वर्षं ती खरोखर दोऱ्याच्याच मागं लागली हेही खरं. बाबांची बदली रायपूरला झाली, आम्ही क्वार्टरात आलो आणि स्वयंपाकघरातल्या एका फळीवर मसाल्याच्या डब्यांशेजारी कंगव्यांचे तुकडे, तारा, रबर, मखमलीच्या चिंध्या जमायला लागल्या. वरणात एकदा प्लास्टिकचा दात निघाला होता. बाबांनी तो ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवण पुरं केलं. बाबांचा स्वभाव म्हणजे एवढाच.

मग राज्य नवीन झालं आणि रायपूर एकदम राजधानी. रातोरात कुठल्याही बंगल्याला संचालनालयाची पाटी लागायची. भोपाळहून साहेब आले, साहेबांच्या बायका आल्या. रोज कशाचं तरी उद्घाटन, कशाचा तरी सत्कार. ज्या बायका काल दारात वडी वाळवत होत्या त्यांना नोकऱ्या लागल्या, त्या साड्यांना पिना लावून सकाळी रिक्षात बसू लागल्या. आई खिडकीतून त्यांचे अंबाडे पाहायची.

"राजधानीच्या बाया झाल्या ह्या," ती म्हणायची. "अन् अंबाडा पाहा, लिंबाएवढा."

नेमकी तार तिला बाजारात मिळेना. ती एकतर वाकायची नाहीतर मोडायची. कोणीतरी सांगितलं, शहराबाहेर उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथं बघा. तशी ती मला घेऊन टेम्पोनं उरल्याला गेली. लोखंडाची धूळ, ट्रकच्या रांगा, कानठळ्या बसवणारा आवाज आणि त्यात माझी आई हातात कागदावर काढलेलं चित्र घेऊन एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये. एका ठिकाणचा मिस्त्री चित्र उलटंसुलटं पाहून म्हणाला, "दीदी, चूहेदानी बनवाना है क्या?" भोवतीचे कामगार हसले. आईनं माझी वेणी धरली.

"चूहा नहीं, ये पकड़ना है," ती म्हणाली आणि तिनं वेणीला असा हिसका दिला की मी दोन पावलं मागं आले. "इतना ज़ोर लगेगा. इससे ज़्यादा भी. तार खुलना नहीं चाहिए."

मिस्त्री हसायचा थांबला. त्यानं मशीन बंद केलं आणि तार शोधायला आत गेला. मी तिथं डोकं धरून उभी होते आणि सगळे कामगार माझ्याकडं दयेनं पाहत होते. ती दया मला हिसक्याहून जास्त झोंबली.

माझे केस कमरेखाली यायचे. दाट, काळे, सरळ. ते बाबांकडून आले होते, म्हणजे आत्याकडूनही. आई ते विंचरायची तेव्हा कधी कधी तिचा हात जड व्हायचा आणि मला कळायचं की तिला मी दिसत नाहीये. "हे तुझ्या आत्याचे केस आहे," ती म्हणायची. चांगलं म्हणतेय की वाईट हे तिच्या तोंडाकडं पाहून सांगता यायचं नाही.

पकड तयार झाली तेव्हा ती दाखवायची कोणाच्या डोक्यावर हा प्रश्न आला. आईच्या स्वतःच्या केसांत कंगव्याला धरायला काही नव्हतं. माझ्यात होतं, पण माझी वेणी खरीच लांब होती, मग पकडीचं काम दिसणार कुठं? एका रविवारी तिनं मला मागच्या अंगणात पाटावर बसवलं. मला वाटलं तेल लावणार. तिनं कात्री काढली आणि खांद्यापासून खालचं सगळं कापून टाकलं. जाड वेणी कापताना कात्री अडत होती, म्हणून तिनं ती गव्हाच्या पेंढीसारखी मुठीत धरून थोडी थोडी कापली.

बाबा दारात आले. "तिले विचारलं का?" ते म्हणाले.

"तिले काय विचारायचं? डोकं तिचं असन, केस आजपर्यंत मीच धुतले."

बाबा पेपर घेऊन आत गेले. मी दुपारभर रडले. संध्याकाळपर्यंत आईनं माझ्याच केसांचं गंगावन बांधलं आणि पकडीनं माझ्याच डोक्याला लटकावलं. दुसऱ्या दिवशी शाळेत कोणाच्याही लक्षात आलं नाही. मी घरी आल्यावर तिनं दारातच विचारलं, "कोणी काही म्हटलं?" मी नाही म्हटल्यावर ती इतकी खूश झाली की तिनं माझ्यासाठी शिरा केला. मी तो खाल्ला. मला शिरा आवडायचा, त्याला इलाज नव्हता.

नव्या राज्याच्या वाढदिवसाचा मोठा मेळा भरायचा. त्यात बचत गटाच्या बायकांना स्टॉल मिळायचे. कोणाचे पापड, कोणाचं लोणचं, कोणाच्या अगरबत्त्या. आईनं एका गटात नाव घालून कोपऱ्यातला स्टॉल मिळवला, मध्ये एक स्टूल ठेवलं आणि स्टुलावर मला बसवलं. माझी पाठ लोकांकडं. पाठीवर वेणी. आणि आई ओरडायची, "खींच के देखो! निकाल के दिखाओ!"

लोकांना दुसरं काय हवं असतं! पापडाच्या स्टॉलवर चिटपाखरू नव्हतं आणि आमच्यासमोर झुंबड. आधी बायका ओढायच्या, जरा हळू, जरा लाजत. मग त्यांची पोरं यायची, ती दोन्ही हातांनी लोंबकळायची. मग पुरुष यायला लागले. पाळी सुटून थेट आलेले कारखान्याचे कामगार, कॉलेजची टोळकी. एकानं असा झटका दिला की मी स्टुलावरून अर्धी उठले आणि मागं पडता पडता वाचले. वेणी सुटली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं त्या माणसाकडं असं पाहिलं की जणू त्यानं तिला हार घातला.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती समोर आली, वाकली आणि पदरानं माझं तोंड पुसलं. मला वाटलं आता उठवेल.

"रडू नको," ती हळूच म्हणाली. "माल खराब दिसते."

मेळा संपेपर्यंत रोज मी त्या स्टुलावर बसले. परतताना ती मला गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर न्यायची आणि पाहिजे तितके खाऊ द्यायची. ठेलेवाला विचारायचा, "तीखा?" आणि मी हो म्हणायची, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला काहीतरी कारण व्हायचं. पुढच्या वर्षी पुन्हा मेळा, पुन्हा स्टूल.

पकड चालली. म्हणजे खरोखर चालली. समता कॉलोनीतल्या बायका रिक्षा करून यायच्या. अभनपूरच्या बाजारातून केस गोळा करणारी एक बाई पोतं घेऊन आमच्याकडं यायला लागली आणि आमच्या न्हाणीघरात कोणाकोणाचे केस धुऊन दोरीवर वाळत पडायचे. पाहुणे आले की आधी दचकायचे. पण येणाऱ्या बायका सगळ्या मागच्या दारानं यायच्या. क्वार्टरच्या मागं गल्ली होती, तिथून कडी वाजायची. तोंडावर पदर. साहेबांच्या बायका तर स्वतः यायच्याही नाहीत, ड्रायव्हरच्या हाती जुन्या केसांचा नमुना पुडीत पाठवायच्या.

यात आईचं काळीज जळायचं आणि ते मला फार उशिरा कळलं. पकड चांगली कोणती, तर जी कोणाला दिसत नाही. जिच्या डोक्यावर ती आहे तिच्या केसांचं कौतुक व्हायचं आणि बनवणारीनं तोंड मिटून ऐकायचं. भाजी चांगली झाली तर लोक रांधणारीला विचारतात, आईला कोणी विचारायचं नाही. उलट बाजारात समोरासमोर आल्या तर तिच्याच गिऱ्हाईक बायका ओळख दाखवायच्या नाहीत. आईशी बोलताना कोणी पाहिलं तर लोक आपल्या अंबाड्याकडं पाहतील, ही भीती.

एका संक्रांतीला आमच्या मराठी बायकांपैकी एकीकडं हळदीकुंकू होतं. यजमानीण मोठ्या हुद्द्याच्या माणसाची बायको, अंबाडा नारळाएवढा, त्यात गजरा. तो अंबाडा आमच्या न्हाणीघरात वाळला होता, मी पाहिलेला होता. तिनं आईला कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि सगळ्यांसमोर गोड आवाजात विचारलं, "तुम्ही दिवसभर काय करता हो घरी?"

"तुमचा अंबाडा करते," आई म्हणाली.

यजमानीण हसली. "काहीतरीच तुमचं वहिनी," म्हणाली आणि गजऱ्यावरून हात फिरवून पुढच्या बाईकडं गेली. सगळ्यांनी एकदा त्या अंबाड्याकडं पाहिलं, एकदा आईच्या डोक्यावरच्या त्या सुपारीएवढ्या गाठीकडं आणि तोंडाला पदर लावून त्याही हसायला लागल्या. कोणाचाच विश्वास बसला नाही. अंबाडा इतका खरा दिसत होता. येताना रिक्षात मी आईचा हात धरायला गेले तर तिनं तो झटकला. त्या घरचं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही.

कॉलेजात जाईपर्यंत माझ्या डोक्यावर टाळूपाशी रुपयाएवढी जागा उघडी पडली होती आणि दोन्ही कानांवरचे केस मागं सरकत चालले होते. नवी पकड बनवली की आई ती आधी माझ्यावर लावायची आणि दारामागं उभी करून स्वतः ओढून बघायची. समता कॉलोनीतल्या एका त्वचेच्या डॉक्टरणीकडं मी एकटीच गेले. तिनं भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "ये खिंचाव बंद करो, नहीं तो जड़ ही मर जाएगी." घरी येऊन मी आईला सांगितलं.

"डॉक्टरीणले काय माहीत?" आई म्हणाली. "तिनं पकड पाहिली का?"

मग तीच म्हणाली की उघडी जागा दिसू नये म्हणून आता पकड रोजच लावावी लागेल. आणि ते बरोबरच होतं. जी जागा पकडीनं उघडी केली ती झाकायला माझ्याकडं पकडीशिवाय काही नव्हतं. या गोष्टीचा मला इतका संताप यायचा की मी न्हाणीघरात नळ सोडून आईला शिव्या द्यायची. नळाच्या आवाजात त्या तिला ऐकू जायच्या नाहीत.

बाहेर पडायचा आमच्याकडं एकच रस्ता होता, लग्न. नोकरी करून वेगळी खोली घेणारी मुलगी आमच्या लोकांत कोणी पाहिली नव्हती आणि ती हिंमत माझ्यातही नव्हती. म्हणून भिलाईचं स्थळ आलं तेव्हा मी देवापुढं खरंखुरं डोकं टेकवलं. मुलगा तिथल्या स्टील प्लांटमध्ये होता. मी त्याला एका लग्नात आधी पाहिलं होतं. जेवणाच्या रांगेत तो माझ्या पुढं होता आणि त्यानं मागं वळून विचारलं होतं, "आपको भी बस गुलाबजामुन के लिए खड़ा रहना पड़ रहा है?" मराठी समजायचं त्याला, पण उत्तर हिंदीत द्यायचा. आम्ही रांग संपेपर्यंत बोललो. त्यानं नंतर घरी माझ्याबद्दल विचारायला सांगितलं, हे ऐकून मी आठवडाभर हवेत होते. मला तो आवडला होता. घरातून सुटणं आणि तो मुलगा, दोन्ही एकदम मिळत होतं आणि एवढं नशीब माझं असेल यावर माझा विश्वास बसत नव्हता.

पाहायला यायच्या आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, "आई, उद्या पकडीचं नाव काढू नको. एवढं ऐक माझं."

"हव," ती म्हणाली.

"शपथ घे."

"हव म्हटलं ना. मले काय वेड लागलं?"

सकाळी तिनं माझी वेणी घातली. इतक्या हलक्या हातानं तिनं कधीच घातली नव्हती. नवी पकड, रंगाला रंग मिळवलेलं गंगावन, टाळूची जागा पूर्ण झाकलेली, वेणी कमरेपर्यंत. तिनं आरसा मागं धरून मला दाखवला. मीही फसले असते इतकी ती वेणी सुंदर होती. मला वाटलं, माझ्यासाठी केलंय तिनं हे. मी तिच्या पाया पडले.

मुलाची आई शांत, हसरी बाई होती. सोबत तो आणि त्याचे वडील. मी पोहे घेऊन गेले, तिनं मला जवळ बसवलं, शिक्षण विचारलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. तो समोर बसून माझ्याकडं पाहून हसला. सगळं ठरल्यासारखंच होतं.

"काय केस आहेत हो पोरीचे!" मुलाची आई म्हणाली. "असे आजकाल पाहायले नाही भेटत."

आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं ट्रे खाली ठेवला, पोह्यांत मीठ बरोबर आहे ना विचारलं. माझा जीव भांड्यात पडला.

मुलाच्या आईनं माझी वेणी हातात घेऊन पुढं आणली. "खरंच, काय दाट आहे! कोणतं तेल लावते बेटा?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी आई बोलली.

"तेल?" तिचा आवाज चिरका झाला होता. "तेलानं असं होते का कुठं? ताई, ते तेल नाही. ते मी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ते केस पोरीचे नाही. माझी पकड आहे ती. मी बनवली, माझ्या हातानं. साऱ्या रायपूरच्या बाया लावतात अन् सांगत नाही." ती आता माझ्यामागं येऊन उभी राहिली होती. "खोटं वाटते? ओढून पाहा."

मी "आई" म्हणाले. बाबाही काहीतरी म्हणाले. मुलाच्या आईनं वेणी सोडून दिली आणि हात मांडीवर घेतला. "नाही नाही, राहू द्या," ती म्हणाली. आईनं तिचा हात उचलून परत माझ्या वेणीवर ठेवला. बिचारीनं मान राखायला हळूच ओढलं. "असं नाही," आई म्हणाली. "भेता काहून?" आणि तिनं स्वतः वेणी मनगटाला गुंडाळून खाली ओढली. एकदा. मग पुन्हा, जास्त जोरानं.

मला आधी आवाज ऐकू आला, कापड फाटल्यासारखा. मग टाळू पेटली. वेणी जमिनीवर पडली होती, वर पकड घट्ट मिटलेली आणि तिच्या दातांत माझ्या केसांचा अख्खा झुबका मुळासकट. मी ओढणी डोक्यावर घेतली. ओढणीला ओल लागली. तो पोह्यांच्या बशीकडं पाहत होता. त्याच्या वडिलांनी रुमाल काढला, पण तो कोणाला द्यावा हे त्यांना कळेना.

आई वाकली आणि तिनं वेणी उचलली. पकड उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"पाहा," ती म्हणाली. "पकड नाही सुटली. केस सुटले."

पाच दिवसांनी भिलाईहून फोन आला. आईनं घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, टाळूला मलम लावलेलं. "हो ताई... समजते मी... नाही नाही, राग काहून येईन?" एवढ्यावरून मला कळलं. आता ती फोन ठेवील आणि मी आत जाऊन दार लावीन, असं मी ठरवलं. पण ती फोन ठेवेना. ऐकता ऐकता तिची मान वर झाली, आवाज मऊ झाला. मग ती म्हणाली, "लांबी कितीक? अन् रंग, काळा की थोडा तांबूस?"

फोन ठेवल्यावर बाबांनी विचारलं.

"नाही म्हणते," आई म्हणाली. "पण तिले अन् तिच्या पोरीले पकड पाहिजे म्हणते. स्वतः येते घ्यायले. मी म्हटलं मागून या, तर म्हणे मागून कायले, समोरून येईन." ती बाबांकडं पाहत होती, मग माझ्याकडं पाहिलं. इतका उजळलेला तिचा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. "सगळ्यायले तुमचं नाव सांगीन, म्हणे."

मी तिचा तिरस्कार केला. आजही ते क्षण आठवले की करते. आणि तरी मी त्या चेहऱ्याकडं पाहत राहिले.

ती बाई खरंच आली, पुढच्या रविवारी, समोरच्या दारानं. आईनं तिला पाटावर बसवलं, पकड लावली, तिचे केस फुगवून मोठा अंबाडा घातला. मला चहा आणायला सांगितलं. मी डोक्याला ओढणी गुंडाळून चहा नेला. ती आरशात वळून वळून पाहत होती, खूश होती. मग तिला मी मागं दिसले. ती जरा ओशाळली आणि काहीतरी बोलावं म्हणून तिनं मला विचारलं, "बरं दिसते ना बेटा?"

"हो," मी म्हटलं. खरंच चांगलं दिसत होतं.

आई तिला पोचवायला बाहेरपर्यंत गेली. मी खिडकीशी उभी होते. फाटकापाशी गाडी उभी होती आणि गाडीत तो बसला होता, काच वर करून. तो आत आला नव्हता. आई गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली. मी कप उचलले आणि धुवायला मोरीकडं गेले.